हाताने चालतं, आपोआप का नाही?

या महिन्याच्या टपालात लिनक्सच्या संगणकांना लावायच्या टीव्ही कार्डांनीच गर्दी केली आहे. त्यातली चार पत्रं घेते. नवख्यांसाठी आधी चार शब्द: कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, ड्रायव्हर किंवा मॉड्यूल म्हणजे एखादं उपकरण चालवणारा त्याचा छोटा भाग, मॉडप्रोब ही ड्रायव्हर चढवायची आज्ञा, आणि डीव्हीबी म्हणजे डिजिटल टीव्हीच्या प्रक्षेपणाच्या पद्धती. उबुंटू, डेबियन, मिंट हे लिनक्सचेच प्रकार. आज्ञा आणि फाइलींची नावं मी इथे देवनागरीत लिहिते. संगणकावर ती इंग्रजी लहान अक्षरांत टंकायची. जोडाक्षरांत घोटाळा वाटला तर पुन्हा लिहा, कंटाळा करू नका.

प्रश्न : ताई, मी इंग्लंडमध्ये स्लावला राहतो. आई-बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. त्यांच्यासाठी जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकून आरटीएल२८३२यू चिपची यूएसबी टीव्ही स्टिक लावून दिली. चॅनल छान दिसतात, पण लॅपटॉप सुरू केला की दर वेळी मला टर्मिनल उघडून ‘सुडो मॉडप्रोब डीव्हीबी_यूएसबी_आरटीएल२८एक्सएक्सयू’ असं टंकावं लागतं. ते नाव मी /ईटीसी/मॉड्यूल्स या फाइलीत लिहिलं, चार वेळा रीबूट केलं, फरक शून्य. मी ऑफिसात असलो की बाबांचा टीव्ही बंद. (स्टिक चांगली आहे. मागच्या हिवाळ्यात तिच्यावरच विमानांचे सिग्नल पकडायचा नाद केला होता.)

उत्तर : तुमचं उत्तर तुम्हीच कंसात लिहून ठेवलं आहे.

विमानांचे सिग्नल पकडायला तुम्ही ‘आरटीएल-एसडीआर’ नावाचं पॅकेज टाकलं असणार. त्या कामात स्टिक टीव्ही म्हणून वापरायची नसते, नुसता रेडिओ म्हणून वापरायची असते. टीव्हीच्या ड्रायव्हरने स्टिक आधीच धरून ठेवली तर रेडिओच्या प्रोग्रामला ती मिळणं अवघड. म्हणून ते पॅकेज जाता जाता एक छोटी फाइल ठेवून जातं आणि तिच्यात एक ओळ असते: ‘ब्लॅकलिस्ट’, आणि पुढे तुमच्या ड्रायव्हरचं ते लांबलचक नाव. विमानांचा नाद सुटला, ओळ तशीच राहिली.

आता ही ओळ नेमकं काय अडवते ते समजून घ्या, कारण सगळी गंमत तिथेच आहे. स्टिक खोचली की कर्नल तिचा उत्पादक क्रमांक आणि वस्तू क्रमांक वाचतो. या चिपच्या बऱ्याच स्टिकांचा तो ०बीडीए आणि २८३८ असा असतो. ‘एलएसयूएसबी’ केलंत तर तुम्हालाही दिसेल. या क्रमांकांवरून कर्नल एक ओळख तयार करतो आणि यूडेव्हच्या, म्हणजे नव्या उपकरणांची दखल घेणाऱ्या प्रोग्रामच्या, हातात देतो. यूडेव्ह ती ‘मॉड्यूल्स.एलियस’ नावाच्या यादीत शोधतो. कुठल्या क्रमांकाच्या वस्तूला कुठला ड्रायव्हर, याची ती खानेसुमारी. नाव सापडलं की ड्रायव्हर चढतो. यात तुम्ही आम्ही कुठेच नाही. स्टिक लावली की ड्रायव्हर आपोआप यायलाच हवा, ही काही खास सोय नव्हे, कर्नलचं रोजचं काम आहे.

ब्लॅकलिस्टची ओळ हा क्रमांकावरून येणारा रस्ता बंद करते. पण तुम्ही स्वतः मॉडप्रोबला पूर्ण नाव सांगता, तेव्हा मॉडप्रोब म्हणतो, मालक स्वतः नाव घेऊन बोलावताहेत, येऊ द्या. म्हणून हाताने चालतं.

मग /ईटीसी/मॉड्यूल्समध्येही पूर्ण नावच तर लिहिलं होतं, असं तुम्ही म्हणाल. बरोबर. इथे मीही एकदा फसले होते. ती फाइल आता सिस्टमडीची (बूटच्या वेळी सगळं सुरू करणाऱ्या यंत्रणेची) एक सेवा वाचते आणि ती सेवा ड्रायव्हर चढवण्याआधी ब्लॅकलिस्ट बघते. नाव दिसलं की ती लॉगमध्ये एक ओळ लिहून गप्प पुढे जाते. ‘जर्नलसीटीएल -यू सिस्टमडी-मॉड्यूल्स-लोड’ करून बघा. तुमच्या ड्रायव्हरच्या नावापुढे जुन्या आवृत्तीत ‘ब्लॅकलिस्टेड’ आणि नव्या आवृत्तीत ‘डिनाय-लिस्टेड’ असे शब्द सापडतील. चार रीबूट वाया गेले ते त्या एका शब्दापायी.

उपाय करताना आधी ओळ शोधा. पॅकेजच्या आवृत्तीनुसार फाइलीचं नाव थोडं बदलतं, म्हणून अंदाजाने शोधू नका. ‘मॉडप्रोब -सी’ ही आज्ञा सगळ्या फाइलींतले नियम एकत्र करून दाखवते. ती ग्रेप या शब्द शोधणाऱ्या आज्ञेला जोडून आरटीएल२८ शोधा. ओळ आहे याची खात्री झाली की ‘ग्रेप -आर’ने /ईटीसी/मॉडप्रोब.डी आणि /लिब/मॉडप्रोब.डी या दोन फोल्डरांत ती कुठल्या फाइलीत बसली आहे ते बघा. पहिल्या फोल्डरात सापडली तर ओळीच्या सुरुवातीला # टाका, झालं. दुसऱ्या फोल्डरात सापडली तर ती फाइल बदलू नका, पुढच्या अपडेटला ती परत येईल. त्याच नावाची रिकामी फाइल /ईटीसी/मॉडप्रोब.डीमध्ये करून ठेवा. दोन्हीकडे एकाच नावाची फाइल असली की ईटीसीमधलीच मानली जाते.

आणि हो, पॅकेज काढून टाकलं की ओळही जाईल या भरवशावर राहू नका. ‘एपीटी रिमूव्ह’ ईटीसीमधल्या सेटिंगच्या फाइलींना हात लावत नाही. त्यासाठी ‘एपीटी पर्ज’ लागतं. पुष्कळ जण इथेच म्हणतात, ‘मी तर ते कधीच काढून टाकलं!’

मग ‘सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू’ करून ठेवा, म्हणजे बूटच्या सुरुवातीच्या टप्प्यात जुन्या नियमांची प्रत वापरली जाणार नाही. तपासायला रीबूट नको. एका खिडकीत ‘सुडो डीमेसेज -डब्ल्यू’ चालू ठेवा, स्टिक उपसा, पुन्हा खोचा. ओळी धावताना दिसतील आणि /डेव्ह/डीव्हीबी/मध्ये ‘ॲडाप्टर०’, म्हणजे तुमची स्टिक, उगवेल. ते दिसलं की /ईटीसी/मॉड्यूल्समधली तुमची ओळ खुशाल खोडून टाका, तिची गरज नव्हतीच.

एक सवय मात्र सोडा. जुन्या लेखांत ‘आरसी.लोकल’ फाइलीत मॉडप्रोबची ओळ टाका असा सल्ला सर्रास असतो. तुमच्याकडे तोही चालला असता, कारण तिथून मॉडप्रोबला थेट नाव सांगितलं जातं. बाबांचा टीव्ही लागला असता आणि ब्लॅकलिस्ट तशीच राहिली असती. मग एखाद्या दिवशी तुम्ही ड्रायव्हर हाताने उतरवलात, की स्टिक काढून पुन्हा लावली तरी टीव्ही बंद, कारण आरसी.लोकल फक्त बूटच्या वेळी धावते. त्या सल्ल्याला मी हसत नाही. मिरजेला आमच्या वडिलांची केबलची कंट्रोल रूम होती. २००५च्या सुमाराला तिथल्या एका मशीनमध्ये सॅटेलाइटचं पीसीआय कार्ड होतं आणि कपाटाच्या दाराला आतून माझ्या अक्षरातला कागद चिकटवलेला होता: सात ओळी, सात ‘इन्समॉड’, क्रम चुकला की पहिल्यापासून सुरुवात. इन्समॉडला फाइलीचा पूर्ण पत्ता लागतो आणि कोण कोणावर अवलंबून आहे हे त्याला कळत नाही. म्हणजे आधी गाभ्याचं डीव्हीबी-कोर, मग बाकीचे. मॉडप्रोब तो क्रम स्वतः लावतो, हे मला कळलं तेव्हा तो कागद दोन वर्षं जुना झाला होता.

पुन्हा विमानं ऐकावीशी वाटली तर तात्पुरतं ‘सुडो मॉडप्रोब -आर’ आणि ड्रायव्हरचं नाव, एवढं पुरेल. ब्लॅकलिस्ट नको. आणि एचडी चॅनल दिसत नाहीत म्हणून आता पुढचं पत्र लिहू नका. तिकडे फ्रीव्ह्यूचे (अँटेनावरच्या फुकट टीव्ही सेवेचे) एचडी चॅनल डीव्हीबी-टी२ पद्धतीने येतात आणि आरटीएल२८३२यू चिप एकटी फक्त जुनी डीव्हीबी-टी ओळखते. ड्रायव्हर बदलून त्यात फरक पडणार नाही.

प्रश्न : कोल्हापूरहून लिहितो. डीडी फ्री डिशसाठी पीसीआय-एक्सप्रेसचं डीव्हीबी-एस२ कार्ड घेतलं. कंपनीने दिलेला सोर्स कोड कम्पाइल करून ड्रायव्हर बसवला. दीड महिना उत्तम चाललं. परवा अपडेट आलं आणि ‘मॉड्यूल नॉट फाउंड’. पुन्हा कम्पाइल केलं, पुन्हा चाललं. हे दर वेळी करायचं का?

उत्तर : दर वेळी करायचंच आहे, पण तुम्ही नाही करायचं.

प्रत्येक कर्नलचे ड्रायव्हर /लिब/मॉड्यूल्समध्ये त्या त्या कर्नलच्या नावाच्या फोल्डरात राहतात. अपडेटने नवा कर्नल आणला, नवा फोल्डर आला, त्यात तुमचा ड्रायव्हर कोणी ठेवलाच नाही. जुना अजून जुन्या फोल्डरात शांत बसून आहे. ग्रबच्या (बूटच्या सुरुवातीला येणाऱ्या मेन्यूच्या) यादीतून जुना कर्नल निवडून बूट केलंत तर कार्ड लगेच चालेल. घाईत असाल, संध्याकाळी घरच्यांना सह्याद्रीवरच्या बातम्या हव्या असतील, तर आजच्यापुरता हाच मार्ग.

कायमचा मार्ग डीकेएमएस, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप कम्पाइल करणारा प्रोग्राम. सोर्स कोड /यूएसआर/एसआरसीमध्ये नाव आणि आवृत्तीच्या फोल्डरात ठेवायचा, सोबत ‘डीकेएमएस.कॉन्फ’ नावाची फाइल, तिच्यात ‘ऑटोइन्स्टॉल’ला ‘येस’. मग ‘डीकेएमएस ॲड’, ‘बिल्ड’, ‘इन्स्टॉल’. यानंतर नवा कर्नल आला की डीकेएमएस स्वतः कम्पाइल करतो. तो फसतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: नव्या कर्नलचे हेडर, म्हणजे कम्पाइल करायला लागणाऱ्या फाइली, आलेलेच नसतात. तुम्ही पहिल्यांदा हेडर बसवताना नेमक्या त्या आकड्याचं पॅकेज घेतलं असेल. ते नको. उबुंटूत ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’, डेबियनमध्ये ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ घ्या. ही पॅकेजं प्रत्येक नव्या कर्नलबरोबर त्याचे हेडर ओढून आणतात.

तुमच्या मशीनवर सिक्युअर बूट (फक्त ओळखीची सही असलेलंच चालू देणारी सोय) चालू असेल तर आणखी एक भिंत आहे. घरी कम्पाइल केलेल्या ड्रायव्हरवर ओळखीची सही नसते आणि कर्नल ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ म्हणून त्याला दारातूनच परत पाठवतो. उबुंटूत डीकेएमएस बसवताना पासवर्ड विचारला जातो आणि पुढच्या बूटला एक निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल मॉक’ (तुमच्या मशीनची स्वतःची सही नोंदवा) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. पुष्कळ जण त्या पडद्याला घाबरून पहिलाच पर्याय निवडतात आणि पुढे निघून जातात. ‘मॉकयुटिल’ने सही पुन्हा नोंदवायला घेता येते, पुढच्या बूटला तो पडदा परत येतो.

तुमच्या पत्रातली एक ओळ मात्र मला खटकली: ‘कार्ड लावल्यापासून वेबकॅम कधी कधी चालत नाही.’ कार्ड आणि कॅमेरा यांचा संबंध काय, असं तुम्हाला वाटलं असेल. आहे. काही कंपन्यांचा सोर्स कोड एकटा ड्रायव्हर देत नाही. कर्नलचा संपूर्ण मीडिया विभाग, डीव्हीबी-कोरसकट, आपल्या प्रतीने बदलतो. वेबकॅमचा ड्रायव्हरही त्याच विभागात राहतो. थोडे नवे, थोडे जुने असे ड्रायव्हर एकत्र आले की ‘डिसॲग्रीज अबाउट व्हर्जन ऑफ सिम्बॉल’ अशी ओळ डीमेसेजमध्ये दिसते. म्हणून कंपनीच्या कोडला हात लावण्याआधी ‘एलएसपीसीआय -एनएन -के’ करून बघा, कार्डाच्या चिपसाठी कर्नलमध्येच ड्रायव्हर आला आहे का. सॅटेलाइटच्या नव्या पद्धतींना सांभाळणारी व्यवस्था कर्नलमध्ये २.६.२८ आवृत्तीपासून, म्हणजे २००८च्या डिसेंबरपासून आहे आणि तेव्हापासून पुष्कळ चिपा मुख्य कर्नलमध्ये आल्या आहेत. तुमची त्यात निघाली तर कंपनीचा कोड काढून टाका, सगळा प्रश्नच मिटला. माझं मत विचाराल तर कर्नलच्या बाहेरचा ड्रायव्हर लागणारं कार्ड मी दुकानातून घरी आणत नाही, कितीही स्वस्त असो.

फ्री डिशपुरतं सांगायचं तर एस२ कार्डाला जुनी डीव्हीबी-एस कळते, काळजी नको. डिश जीसॅट-१५कडे, ९३.५ अंश पूर्वेला. फ्रीक्वेन्सी शेजारच्या सेटटॉप बॉक्सच्या मेन्यूतून उतरवून घ्या, पोलरायझेशन व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. ड्रायव्हर चढला, ॲडाप्टर दिसला आणि तरी सिग्नल शून्य, असं झालं तर कार्डावर वीज जोडायचं वेगळं सॉकेट आहे का बघा. एलएनबीला, म्हणजे डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, व्होल्टेज कार्डातून जातं आणि काही कार्डांना त्यासाठी पॉवर सप्लायची वायर थेट लागते. मी एक अख्खा रविवार ड्रायव्हर बदलण्यात घालवला होता. गच्चीवर दोनदा चढून डिश हलवली, आणि वायर कॅबिनेटात मोकळी लोंबत होती. केबलवाल्याची मुलगी!

प्रश्न : काकू, मी कराडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या यूएसबी स्टिक एकाच मशीनला लावल्या आहेत. कधी पहिली ॲडाप्टर० होते, कधी दुसरी. स्क्रिप्ट गोंधळते.

उत्तर : अरे, ज्याचा ड्रायव्हर आधी तयार झाला त्याला शून्य क्रमांक, इतकाच नियम आहे. शर्यत रोज वेगळी लागते. /ईटीसी/मॉडप्रोब.डीमध्ये एक फाइल कर, नावाच्या शेवटी .कॉन्फ हवंच, नाहीतर ती वाचलीच जात नाही. तुझी एक स्टिक आरटीएलची आहे आणि दुसरी ईएम२८एक्सएक्सची, असं तू लिहिलं आहेस. तर एका ओळीत ‘ऑप्शन्स’, डीव्हीबी_यूएसबी_आरटीएल२८एक्सएक्सयू आणि ‘ॲडाप्टर_एनआर=०’. दुसऱ्या ओळीत ‘ऑप्शन्स’, ईएम२८एक्सएक्स_डीव्हीबी आणि ‘ॲडाप्टर_एनआर=१’. दुसरीत नुसतं ईएम२८एक्सएक्स लिहिलंस तर उपयोग नाही, तो ऑप्शन त्याच्या डीव्हीबीवाल्या भावाकडे आहे. नावात अंडरस्कोर घाल की आडवी रेघ, मॉडप्रोबला दोन्ही सारखंच.

दोन्ही स्टिक एकाच ड्रायव्हरच्या असत्या तर हे जमलं नसतं. तेव्हा मित्राने मागितली तरी यातली एक बदलून घेऊ नकोस. आणि स्क्रिप्ट सुडोने चालवतोस ते बंद कर. /डेव्ह/डीव्हीबीमधल्या फाइली ‘व्हिडिओ’ गटाच्या असतात. स्वतःला त्या गटात घाल आणि एकदा लॉगआउट होऊन ये.

प्रश्न : दादरला राहतो, वय ७१, नोकरीतून निवृत्त. नातवाने परदेशातून यूएसबी टीव्ही स्टिक आणली. लिनक्स मिंटमध्ये लावताच ड्रायव्हर आपोआप आला, कुठेही त्रुटी नाही. खिडकीत अँटेनाही लावला. पण स्कॅन केलं की एकही चॅनल सापडत नाही. ड्रायव्हर चुकीचा आला असेल का?

उत्तर : काका, ड्रायव्हर बरोबर आला आहे, बहुधा स्टिक चुकीची आली आहे. दूरदर्शनने २०१६मध्ये मुंबईसह १६ शहरांत अँटेनावरचं डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, तेव्हापासूनच ते डीव्हीबी-टी२ पद्धतीचं आहे. युरोपात एकेकाळी सगळीकडे विकल्या गेलेल्या स्वस्त स्टिका मात्र डीव्हीबी-टीच्या. जुना रेडिओ एफएम लावत नाही, तशातला प्रकार.

खात्री करायला ‘डीव्हीबी-टूल्स’ पॅकेज बसवा आणि ‘डीव्हीबी-एफई-टूल’ ही आज्ञा द्या. स्टिकला कुठल्या पद्धती येतात त्यांची यादी छापून येईल. यादीत डीव्हीबीटी२ नसेल तर पुढे काही करू नका, स्टिक नातवाला परत द्या. ती आरटीएल२८३२यू चिपची असेल तर त्याला विमानं ऐकता येतील.

डीव्हीबीटी२ असेल तर ‘डीमेसेज’मध्ये ‘फर्मवेअर’ शब्द शोधा. टी२वाल्या बऱ्याच स्टिकांत दुसरी चिप असते, तिला चालायला एक छोटी फाइल लागते आणि ती ड्रायव्हरसोबत येतेच असं नाही. ‘फेल्ड विथ एरर -२’ असं दिसलं तर घाबरू नका. उणे दोन म्हणजे फाइल सापडली नाही, एवढंच. त्याच ओळीत फाइलीचं पूर्ण नाव छापलेलं असतं. त्या नावाची फाइल, अक्षरही न बदलता, /लिब/फर्मवेअर फोल्डरात ठेवायची आणि स्टिक काढून पुन्हा लावायची. नवा अँटेना घेण्याआधी टी२ ट्यूनरचा टीव्ही ज्यांच्याकडे आहे अशा कुणा शेजाऱ्याकडे तुमचा अँटेना लावून बघा. तिथेही काही दिसलं नाही, तर संगणकाला दोष देण्यात अर्थ नाही.